ठकूबाईची शोभा

शिरगणीच्या ओतार आळीत कालिकेचं देऊळ आहे. त्याच्या सभामंडपाच्या मधोमध एक पितळी वस्तू ठेवलेली असते. नवखा माणूस आधी तिला समई समजतो. मग जवळ जातो, डोळे बारीक करतो आणि विचारतो, "अहो, यात वात कुठं लावायची?" वात लावायची नाही. ती समई नाही, कारंजं नाही आणि देवीचा पाळणाही नाही. ती जेवणाच्या मेजावर मधोमध मांडायची शोभा आहे, तीही राजाच्या मेजावरची. आळीत एकाच्याही घरी मेज नव्हतं, तेव्हापासून ती इथं आहे.

हात लावा, लावा. पितळ आहे, विरघळायचं नाही. ही खाली आठ कोनांची बैठक. तिच्यावर चार बाजूंना तोंड करून उभी असलेली चार माणसं, फेटे बांधलेली. त्यांनी वर उचलून धरलंय ते फळांचं भांडं. भांड्याच्या काठावरून द्राक्षांची वेल खाली उतरलीय, आणि तिच्यात पोपट बसलेत. एक पोपट द्राक्ष चोरतोय, तो दिसला का? नाही ना? कुणालाच पहिल्यांदा दिसत नाही. हे सगळं एका ओताचं काम आहे. कुठं सांधा सापडला तर मला येऊन सांगा, मी मिशी काढून ठेवीन.

आज कालिकेचा भंडारा, म्हणजे तुम्ही पंगतीला बसणारच. तिथं वाढपी तुमच्यासमोर येऊन ताठ उभा राहील. तो वाकायचा नाही. तो तुमच्यावर रागावलाय असं समजू नका, आणि "वाढा की हो" म्हणून ओरडूही नका. ओतार आळीत वाढपी वाकत नसतो. जेवणाऱ्यानं ताट उचलायचं असतं. मागच्या वर्षी एकानं मला विचारलं, "हा काय आडमुठेपणा?" मी म्हटलं, बरोबर ओळखलंत, आडमुठेपणाच आहे. पण तो कुठून आला ते ऐकून घ्या आणि मग बोला.

गोष्ट चार-पाच पिढ्यांमागची. शिरगणीला तेव्हा संस्थान होतं. महाराज कोण, तर नाव आम्हाला माहीत आहे, पण आळीत ते कुणी घेत नाही. हे महाराज विलायतेला जाऊन आले आणि त्यांचं सगळंच फिरलं, असं सांगतात. पाटावर बसून जेवणं त्यांना गावंढळ वाटू लागलं. वाड्यात वीस खुर्च्यांचं मेज आलं, काटे-चमचे आले, मेजावर पांढरी चादर आली. तिकडं कुण्या लॉर्डाच्या घरी त्यांनी एक शोभा बघितली होती. चार माणसं गुडघ्यांवर ओणवी, हात भुईला टेकलेले, माना खाली, आणि चौघांच्या पाठींवर मिळून एक फळांचं भांडं. महाराजांच्या ती इतकी मनात भरली की तिचं रंगीत चित्रच ते घेऊन आले. वैशाखात इंग्रज सरकारचा एजंट साहेब पाहुणा यायचा होता. त्याच्या मेजवानीला अशीच शोभा पाहिजे, पितळेची, आणि नक्षी चित्रातल्याहून दुप्पट पाहिजे, असा हुकूम सुटला.

काम आलं ओतार आळीत, आणि आळीतून गेलं ते ठकूबाईच्या दारात. दुसरीकडं जायचा प्रश्नच नव्हता. आमच्यात मेणाचं काम बाया करत आणि धातू ओतायचा तो पुरुषांनी, अशी वहिवाट होती. पण ठकूबाईचा नवरा रायाजी तापानं गेला आणि सासरे हैबतीबुवा यांचा हात कापू लागला, तेव्हा या बाईनं दोन्ही कामं उचलली. लोकांनी नावं ठेवली. ठेवू देत, म्हणाली, नावं ठेवायला भट्टी पेटवावी लागत नाही. भात्यावर तिचा दीर दौलू असायचा. बाई उंच, काळीसावळी आणि तोंडानं फटकळ. तिच्या हातचं मेण मात्र जिवंत असायचं. तिनं केलेली गाय पाहून वासरू हंबरलं होतं म्हणे. ते खोटं असेल, पण म्हणणारे म्हणायचे, एवढं खरं.

ओतीव काम कसं होतं, ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आधी मेणाची वस्तू करायची, अगदी शेवटच्या पानापर्यंत. तिच्यावर वारुळाच्या मातीचे लेप चढवायचे. वाळले की साचा तापवायचा. मेण वितळून निघून जातं आणि आत त्याच आकाराची पोकळी राहते. तिच्यात वितळलेलं पितळ ओतायचं. गार झालं की माती फोडायची. म्हणजे बघा, माती चढली की ती फुटेपर्यंत आत काय आहे हे ओतणाऱ्याशिवाय कुणालाच ठाऊक नसतं.

संस्थानचे कारभारी अनंतपंत चित्र घेऊन आले. म्हणाले, "चित्रातली माणसं परमुलखातली आहेत. महाराजांना आपल्याकडची हवीत. धोतर, फेटा, सगळं हुबेहूब. बघून कर." आणि बघून करायला त्यांनी आळीतलीच चार माणसं निवडली. त्यांत एक हैबतीबुवा, सत्तरीचे. दुसरा दौलू. बाकीचे दोघं शेजारचे. ठकूबाईच्या अंगणात चौघांना गुडघ्यांवर ओणवं केलं. पाठी एका पातळीत राहाव्यात म्हणून पंतांनी प्रत्येकाच्या पाठीवर पाट ठेवला आणि पाटावर पाण्यानं भरलेला तांब्या. तांब्या हिंदकळला की पंत खेकसायचे. असं चार दिवस, सकाळी न्याहारीपासून दिवस मावळेपर्यंत.

ठकूबाई समोर बसून मेण वळत होती.

चौथ्या दिवशी संध्याकाळी पंत मेणाची माणसं पाहून गेले. हुबेहूब, म्हणाले. पाठी सपाट, माना खाली, हैबतीबुवांच्या मानेवरची सुरकुतीसुद्धा मेणात उतरलेली. पंतांनी तराजू मागवला आणि चारही मेणाच्या माणसांचं वजन करून कागदावर उतरवून घेतलं. कारागीर मागून काहीतरी बदलतात, असा त्यांना संशय असायचा. वजन जुळलं म्हणजे सगळं जुळलं, असं त्यांचं गणित. शिवाय दारात एक शिपाई बसवला.

पंत गेले आणि चौघं उठायला लागले. तिघं उठले. हैबतीबुवांना उठताच येईना. दौलूनं काखेत हात घालून उभं केलं, तरी कंबर सरळ होईना. म्हातारा ओशाळून हसला. "असू दे गं," सुनेला म्हणाला, "पोटासाठी कोण वाकत नाही? काम झालं ना, मग झालं."

ठकूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचाच तिला राग आला. "मामंजी," ती म्हणाली, "तुम्ही आज ना उद्या उठाल. हे पितळ उठायचं नाही. मी गेले, तुम्ही गेलात, महाराज गेले, तरी तुम्ही त्या मेजावर ओणवेच. लोक येतील, तुमच्या पाठीवरचं द्राक्ष उचलून तोंडात टाकतील. माझ्या हातानं मी हे करू?"

"नाही केलंस तर आळी जाईल," हैबतीबुवा म्हणाले. त्यात चूक काहीच नव्हतं. संस्थानात भट्टी पेटवायची ती महाराजांच्या मर्जीवर. मर्जी फिरली की ओताऱ्यानं भाता गुंडाळून दुसरा मुलूख बघायचा.

मग झालं काय, ते दोन तऱ्हांनी सांगतात. देवळातले गुरव सांगतात, की ठकूबाईनं कालिकेला साकडं घातलं, आणि साच्यात मेण ओणवं गेलं ते पितळ होऊन उभं निघालं. तुम्हाला हे आवडलं तर हेच घ्या, माझी ना नाही. पण देवीला कशाला मध्ये ओढता? बाईनं केलं ते बाईच्या नावावर राहू द्या. आळीतले जुने लोक सांगत, ते असं.

दोन दिवसांनी भर दुपारी ठकूबाईनं अंगणात परात मांडली. परातीत कोमट पाणी ओतलं. शिपाई दारात बसून बघत होता. तिनं एकेक मेणाचा माणूस पाण्यात धरला, मऊ झाला तसा बाहेर काढला आणि अंगठ्यानं त्याची पाठ सरळ करत आणली. गुडघे सोडवले. मान वर केली. भुईला टेकलेले हात उचलून डोक्याच्या वर नेले.

"काय करतेस गं बाई?" शिपायानं विचारलं.

"शेकतेय. गार मेण माती धरत नाही."

शिपायानं मान हलवली. धंद्यातलं काही सांगितलं की लोक मान हलवतातच. आणि गार मेण माती धरत नाही, हे खरंही होतं. तिनं फक्त पुढचं सांगितलं नाही, आणि त्यानं विचारलं नाही. सगळ्यात शेवटी तिनं सासऱ्यांचा पुतळा घेतला, आणि त्याला म्हणे सगळ्यात जास्त वेळ लागला.

माती चढवायचा दिवस अक्षय्य तृतीयेचा होता. पंत घरी आमरस-पुरीवर बसलेले. त्यांनी तराजू देऊन एका कारकुनाला पाठवलं. कारकुनानं चित्र कधी पाहिलंच नव्हतं. त्यानं मेणाची चार माणसं एकेक करून तोलली आणि कागदाशी ताडून पाहिली. गुंजेचाही फरक नाही. कसा असेल? ओणव्या माणसाचं आणि उभ्या माणसाचं वजन एकच असतं. कारकून "ठीक आहे" म्हणाला, सही केली आणि रस संपायच्या आत घरी पळाला. ठकूबाईनं माणसं बैठकीवर चढवली, वर भांडं आणि वेल लावली, आणि पहिला मातीचा लेप दिला.

पुढं पंत रोज माणूस पाठवायचे, झालं का म्हणून. ठकूबाईचं उत्तर ठरलेलं. साचा वाळला नाही. साचा तापतोय. साचा गार होतोय, घाई केली तर तडकेल. एकही उत्तर खोटं नव्हतं. पण तिनं एकेका कामाला असा काही निवांतपणा लावला, की साचा फोडायचा दिवस नेमका मेजवानीचाच उजाडला.

सकाळी पंत स्वतः आले, बरोबर पालखीचे भोई, शोभा न्यायला. ठकूबाईनं माती फोडली. आधी भांडं निघालं, मग वेल, मग पोपट. पंत खूश. मग हात निघाले, वर उचललेले. पंतांचा चेहरा पडला. मग फेटे, मग चेहरे, मग ताठ पाठी. आळीतली निम्मी माणसं भोवती जमली होती. दौलू समोर उभा होता आणि पितळेचा दौलूही समोर उभा होता.

"हे काय केलंस?" पंतांचा आवाज चिरकला. "वाकव! आत्ताच्या आत्ता वाकव!"

"ओतीव पितळ आहे, पंत. ठोकलं तर तुटेल. वाकायचं नाही."

पंतांचा विश्वास बसला नाही. त्यांनी एका भोयाच्या हातात घण दिला आणि जवळच्या पुतळ्याच्या कमरेवर मारायला सांगितलं. तो पुतळा नेमका हैबतीबुवांचा. घण बसला. ठणकन आवाज झाला आणि कमरेपासून गुडघ्यापर्यंत एक चीर गेली. ही बघा, इथं. बोट फिरवा, हाताला लागते. चीर गेली, पण पाठ एक केसभरसुद्धा वाकली नाही. "आणखी एक!" पंत ओरडले. भोयानं घण उचलला. तेवढ्यात खरे हैबतीबुवा गर्दीतून पुढं आले. ज्या म्हाताऱ्यानं सुनेला काम उरकून टाकायला सांगितलं होतं, तोच. पुतळ्याच्या आणि घणाच्या मध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "पंत, त्याला कशाला मारता? मी इथंच आहे की. मला मारा."

भोयानं घण खाली ठेवला. पंतांनी आभाळाकडं पाहिलं. मेजवानीला चार तास उरले होते. मेज रिकामं ठेवायचं की हे न्यायचं, एवढंच हातात होतं. नेलं.

मेजवानीत काय झालं ते वाड्यातल्या वाढप्यांकडून आळीत पोचलं. ओणव्या माणसांवर भांडं असतं तर ते बुटकं राहिलं असतं. उभ्या माणसांनी ते वीतभर वर नेलं. त्यामुळं मेजाच्या एका टोकाला बसलेल्या महाराजांना दुसऱ्या टोकाचा साहेब दिसेना, साहेबाला महाराज दिसेनात. साहेब डावीकडं झुकला की महाराज उजवीकडं झुकायचे. शेवटी साहेब हसत सुटला. म्हणाला, "महाराज, तुमच्या या माणसांनी तर तुम्हाला झाकूनच टाकलं!" पाहुण्यासमोर रागावता येईना. महाराज हसले, पण दातांनी.

दुसऱ्या दिवशी ठकूबाईला दरबारात बोलावणं आलं. महाराजांनी विचारलं, "उभी करायला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. माझ्या घरची माणसं आहेत. ती कशी दिसतात ते मला ठाऊक आहे."

"पुन्हा कर. सांगितलं तशी."

"नाही करणार."

दरबारात 'नाही' हा शब्द बरेच दिवस कुणी ऐकला नव्हता. महाराज गादीवर पुढं सरकले. मग म्हणाले, "पितळ वाकत नाही म्हणतेस. ठीक. माणूस तर वाकतो ना? आठ दिवसांनी आमचा वाढदिवस. बाहेरच्या चौकात आमची आणि शिलेदारांची पंगत बसेल. आचारी रांधतील, पण वाढायचं ओतार आळीनं. एकूण एक माणसानं. प्रत्येक पानासमोर वाकून. एक जरी ताठ राहिला, तर तुमच्या आळीत पुन्हा भट्टी पेटणार नाही."

आळीत हलकल्लोळ झाला. देवळासमोर सगळे जमले. कुणी म्हणालं, वाढायला तर वाकावंच लागतं, त्यात कमीपणा कसला? आपल्या घरीही वाकतोच की. शेजारची एक बाई ठकूबाईच्या अंगावर आली. "तुझ्या चार बाहुल्यांपायी आमची चूल विझवणार का गं? तुला पोर ना बाळ, तुझं काय जातंय!" हे लागायचं तिथं लागलं. ठकूबाईनं खांबाला धरलं. मग म्हणाली, "घरी वाकतो ते पोराबाळांसाठी, पाहुण्यासाठी. कुणी हुकूम सोडला म्हणून नाही. मी सगळ्यांच्या पुढं असेन, आणि मी वाकणार नाही. तुम्ही मागं काय करायचं ते तुम्ही ठरवा. मी वळून बघणार नाही, कुणावर राग धरणार नाही. चूल प्रत्येकाची आपली आहे."

कुणीच काही ठरवलं नाही. तसेच घरी गेले.

वाढदिवशी दुपारी वाड्याच्या चौकात मांडव घातला होता. रीत म्हणून महाराजांनाही त्या दिवशी पाटावर बसावं लागलं. पंगतीच्या टोकाला त्यांचं चांदीचं ताट, मग दोन्ही बाजूंनी शिलेदारांची, पागेवाल्यांची, शिपायांची पितळी ताटं. साहेब तिथं नव्हता. आठवडाभराचा पाहुणचार घेऊन तो सकाळीच निघून गेला होता, आणि त्याच्या निरोपाला सगळ्या शिलेदारांना उन्हात उभं करून मुजरे करायला लावले होते. पंगतीची सुरुवात खालच्या टोकापासून करायची आणि महाराजांपर्यंत पोचायचं, असं पंतांनी बजावलं होतं. सगळ्यांनी वाकलेलं महाराजांना नीट दिसावं म्हणून.

ठकूबाई भाताचं पातेलं कमरेवर घेऊन पहिल्या पानासमोर आली. तिथं सुभानराव नावाचा म्हातारा शिलेदार बसला होता. एका डोळ्यानं अधू आणि स्वभावानं तिखट. ठकूबाई उभी राहिली. पळी भरली आणि कमरेच्या उंचीवर धरली.

"वाढ की," सुभानराव म्हणाला.

"वाढते की. ताट वर घ्या, दादा."

सुभानरावानं वर बघितलं. बाईची पाठ सरळ होती. मग त्यानं पंगतीच्या टोकाला महाराजांकडं बघितलं. आणि मग तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "सकाळपासून साहेबाला मुजरे करून माझी कंबर धरलीय. वाकायचं म्हणजे काय, ते मला विचारा!" त्यानं दोन्ही हातांनी ताट उचलून धरलं. ठकूबाईनं भात वाढला.

दुसऱ्यानं उचललं. तिसऱ्यानं उचललं. ठकूबाईनं शब्द दिला होता, ती मागं वळली नाही. तिच्यामागं वरणवाला होता, मग भाजीवाला, मग पोळीवाल्या बाया, मग सगळी आळी. ती पुढं सरकत होती आणि मागचं तिला नुसतं ऐकू येत होतं. मागचे वाकून वाढत असते, तर ताट उचलून खाली ठेवल्याचा आवाज तिच्या भाताला एकदाच झाला असता. पण तो पुन्हा होत होता. वरणाला झाला, भाजीला झाला, पोळीला झाला. म्हणजे मागं एकही माणूस वाकलेला नव्हता. भांडायला अंगावर आलेली ती शेजारीणही ताठच होती. ठकूबाई रडत होती म्हणतात, आणि वाढत होती.

अशी ती महाराजांसमोर आली. उभी राहिली. पळी भरून धरली. महाराजांनी ताटाला हात लावला नाही. तिनंही पळी खाली नेली नाही. भात निवला. मग महाराज पाटावरून उठले.

राजा उठला की पंगत उठते, हा रिवाज. अर्धा घास तोंडात असला तरी उठायचं. महाराज उठले, चार पावलं गेले आणि त्यांना मागं काही हालचाल ऐकू आली नाही, म्हणून ते वळले. एकही माणूस उठला नव्हता. सुभानराव भात कालवत होता. सगळी पंगत मान खाली घालून निवांत जेवत होती.

भट्ट्या बंद करायचा हुकूम त्याच दिवशी सुटला. पण बंद करायला पाठवायचं कुणाला? ज्यांना पाठवायचं ते सगळे ताट उचलून जेवलेले. सकाळी आळीत नेहमीसारखा धूर निघाला. कुणी आलं नाही. आली ती शोभा. महाराजांना ती डोळ्यांसमोर नको झाली होती. वाड्याच्या दारात टाकून दिलेली ती दौलूनं आणि चौघांनी खांद्यावर आणली आणि कालिकेच्या मंडपात मांडली.

पुढं ठकूबाई पुष्कळ जगली. हैबतीबुवा गेले, दौलू गेला, महाराज गेले. भंडाऱ्याला पहिला भात दर वर्षी तीच वाढायची. पण भट्टीपुढं जन्म गेलेला, आणि शेवटी शेवटी तिची कंबर अशी काही वाकली की चालताना तिला भुईच दिसे. त्या वर्षी लोकांना प्रश्न पडला. आता तिची पळी आपोआपच ताटापर्यंत पोचते, मग उचलायचं कशाला? कुणीतरी तसं म्हणालं, आणि बाकीचे त्याच्यावर धावून गेले. ती पहिल्या पानासमोर आली, आणि सगळ्या पंगतीनं ताटं वर उचलली. मानानं उचलली, पार डोक्याच्या वर.

म्हातारी भडकली. "अरे मेल्यांनो, खाली घ्या! माझा हात पोचतोय का तिथं?" ताटं भराभर खाली आली. "भुईला नका टेकवू रे! छातीशी धरा. हं, असं." कुणीतरी हुंदका दिला असावा, कारण ती पुन्हा ओरडली, "रडायला काय झालं? हे वयानं वाकवलंय मला. राजानं नाही."

आजही ओतार आळीत ताट छातीशीच धरतात. डोक्याच्या वर नाही आणि भुईला टेकून नाही. म्हातारीचा हात जिथवर पोचत होता, तिथवर.